अंगावरून जातंय, एवढंच म्हणत राहिले

आजारपणात मी माणसांना मारलं, हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कोणाला वाटायला नको की वत्सलाबाईनं स्वतःला मोठी सोशिक करून घेतलंय. जेठाला मी भाजलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दवाखान्यातल्या दाईचं कपाळ फोडलं, तिची नंतर माफी मागितली. पोटच्या पोरीला तोंडातून रगत येईपर्यंत मारलं. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

माझं शिक्षण मराठी चौथी. धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू लिही. मी सांगितलं तर बायका मान डोलावतात आणि घरी जातात. तुझं ऐकतील." म्हणून लिहितेय. औषधांची नावं मला येत नाहीत. जे अंगावर आलं तेवढं सांगते.

रगत

आमचं गाव शिंदखेड्यापासून तीन कोसांवर. बाराव्या वर्षी मी या घरात आले. घरात चालायचं ते माझ्या जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, नानांचं. आमचे हे धाकटे. भावापुढे वर मान करून बोलायचे नाहीत. जेठाणीला आम्ही अक्का म्हणायचो. चौदाव्या वर्षी मी पहिल्यांदा बाळंत झाले. एकूण आठ बाळंतपणं झाली. त्यातली चार लेकरं जगली, सगळ्यात मोठी सुमन आणि तिच्या पाठीवर तीन पोरगे. दोन बाळंतपणांत कधी अडीच वर्षांचं अंतर पडलं नाही. अंग पुरतं वाळायच्या आत पुन्हा शेतात आणि पुन्हा पोटात, असं चाललं.

पस्तिसाव्या वर्षी अंगावरून पांढरं जायला लागलं. ते सगळ्या बायांचं जातं म्हणून कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मग त्याला वास यायला लागला. मी लांबच्या विहिरीवर जाऊन धुणं धुवायची. मग पाळी नसतानाही रगत दिसायला लागलं. कापूस वेचताना वाकले की मांड्यांवरून ऊन ऊन ओघळायचं, आणि मी तशीच ओटी भरत पुढच्या झाडाकडे जायची. अक्काला सांगितलं, "अंगावरून जातंय." ती म्हणाली, "जाऊ दे. मन्हंबी जास." आणि ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

एकदा मी नको नको म्हणत असताना ह्यांनी ऐकलं नाही. ते उठले तेव्हा धोतर रगतानं भिजलेलं. ते इतके घाबरले की त्यांनी मला थोबाडीत मारली.

"सांगं काबर नही?"

मी वर्षभर सांगतच होते. पण 'अंगावरून जातंय' या दोन शब्दांत बाईचं सगळंच येतं, आणि म्हणून कोणाला काहीच ऐकू येत नाही. वाचणाऱ्या बाईला माझं पहिलं सांगणं हेच. असं गोल सांगू नका. किती जातं, कधी जातं, वास येतो का, नवऱ्याजवळ गेल्यावर रगत येतं का, हे शब्दांत सांगा. लाज वाटली तरी सांगा. मला लाज वाटली, आणि त्या लाजेत माझं एक अख्खं वर्ष गेलं.

विळा

भाजीच्या वाफ्यात मी चक्कर येऊन पडले, तेव्हा नानांनी साक्रीकडचा एक भगत आणला. त्यानं माझ्या डोक्यावरून ज्वारीचे दाणे उतरवले, जमिनीवर टाकले, मोजले आणि म्हणाला, "बाहेरनं शे. पोटवर डाग द्या, निंघी जाई."

दुपारची वेळ होती. चुलीत विळा ठेवला. तो लाल होईपर्यंत मला वाटत होतं की हे नुसतं भीती घालताहेत. मग अक्कानं माझे हात डोक्यामागे धरले. नाना माझ्या पायांवर बसले. आमचे हे दाराशी भिंतीला टेकून उभे होते.

"धरा तिले," भगत म्हणाला, आणि विळा बेंबीखाली टेकला.

तो आवाज मी लिहू शकत नाही. चामडी जळाल्याचा वास मात्र अजून नाकात आहे. मी ओरडले की नाही, आठवत नाही. आठवतं ते हे, की त्यानं विळा उचलला आणि दुसऱ्या डागासाठी जागा बघायला लागला, तेव्हा अक्काचा हात घामानं निसटला. मी भगताच्या हातातून विळा लाकडी मुठीनं ओढून घेतला. समोर नाना होते. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मी विळा त्या हातावर टेकला आणि दाबला. एकदा नाही. ते उठून पळायला लागले, तर मी रांगत जाऊन पोटरीवर आणखी एक डाग दिला.

भगत भिंतीवरून उडी मारून गेला. माझी पोरं अंगणात रडत होती. नाना हात पाण्याच्या घंगाळात बुडवून किंचाळत होते, "हाई डाकीन शे! इले मन्हा घरमा नको! काढा भाहेर!"

आमच्याकडे एकदा बाईला डाकीण म्हटलं की तिचं पुढे काय होतं, ते मी लहानपणी माझ्या माहेरी पाहिलं होतं. त्या बाईला दगडांनी मारलं होतं. मी विळा खाली ठेवला नाही. तो हातात थंड होईपर्यंत दारात बसून राहिले, आणि जवळ येईल त्याला मारणार होते.

शेवटी हे आले. त्यांनी बैल जुंपले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाल. धुळ्याले जाऊत."

तेवीस वर्षांच्या संसारात ते नानांना न विचारता कुठे निघाले, ती ही पहिली वेळ.

डॉक्टरीणबाई

धुळ्यात बायकांच्या एका दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. पन्नाशीच्या, आवाज खरखरीत. पोटावरचा डाग बघून त्यांनी आधी ह्यांना शिव्या दिल्या. मग मला विचारायला लागल्या.

"लग्न कितव्या वर्षी?"

"बारा."

"पहिलं मूल?"

"चौदा."

"किती बाळंतपणं?"

"आठ."

"बाळंतपण झाल्यावर किती दिवसांनी शेतात जायचीस?"

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ही बाई माझाच गुन्हा काढतेय. मी म्हणाले, "मी मागितली होती का ही बाळंतपणं?"

त्यांनी लिहिणं थांबवलं. "नाही मागितलीस. पण अशी कमी वयात लग्नं आणि लागोपाठ बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये हा एक आजार जास्त दिसतो. का दिसतो, ते अजून आम्हालाही नीट माहीत नाही. तुझा दोष म्हणून विचारत नाही. आजार ओळखायचा म्हणून विचारते."

तपासताना त्यांनी लोखंडी साधन आत घातलं आणि चिमटीएवढा तुकडा काढला. मी टेबलाच्या कडा धरल्या होत्या, तरी एक लाथ बसलीच त्यांच्या खांद्याला. त्या नुसत्या म्हणाल्या, "जोर आहे तुझ्यात. बरं आहे." तुकडा बाटलीत घालून मुंबईला पाठवला. निकाल येईपर्यंत मला वॉर्डात ठेवून घेतलं.

सरूबाई

माझ्या शेजारच्या खाटेवर अमळनेरची सरूबाई होती. चाळिशीची, हाडं आणि डोळे एवढीच उरलेली. तिचाही हाच आजार. पण ती आली तेव्हा तो कमरेत, मूत्रपिशवीत सगळीकडे गेला होता. डॉक्टरीणबाईंच्या हातात फक्त दुखणं कमी करणं होतं, आणि तेही पुरतं होत नव्हतं.

सरूबाई दिवसभर ओरडायची. देवाला, नवऱ्याला, त्याच्या बापाला शिव्या द्यायची. दाई म्हणायची, "गप बस." त्यावर सरूबाई म्हणायची, "बोंबलू नको तं काय गानं म्हनू?" मग मला हसू यायचं. तिलाही यायचं. हसलं की तिच्या पोटात कळ यायची आणि ती पुन्हा शिव्या द्यायची. तिनं मला लुगड्याच्या घड्या घालून त्यांवर कसं निजायचं, ते शिकवलं. सकाळचा चहा ती मला देऊन टाकायची. तिला तो पचत नव्हता.

आठव्या की नवव्या दिवशी, दुपारी जेवणं आटोपल्यावर, ती बोलता बोलता थांबली. म्हणाली, "वच्छे, ऊन लागी राहिनं वं." मी उठून बघितलं. तिच्या खालची गादी लाल होत होती. रगत झिरपत नव्हतं, धारेनं येत होतं. खाटेच्या जाळीतून फरशीवर पडायला लागलं. मी बोंब मारली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, त्यांनी हाताला लागेल तेवढं कापड आत कोंबलं, मूठ लावून दाबून धरलं. त्यांचा हात कोपरापर्यंत लाल झाला. सरूबाई माझ्याकडे बघत होती. तिनं माझी बोटं धरली होती, आणि अंगात रगत नसलेल्या बाईच्या हातात इतका जोर कुठून येतो, ते मला कळेना. मग तो जोर गेला.

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या. दाई फडकं घेऊन आली. पुसता पुसता म्हणाली, "मरायलाबी इतकी घाण करून गेली."

माझ्या खाटेखाली कल्हईचं भांडं होतं. मी ते उचलून तिच्या तोंडावर मारलं. तिचं कपाळ फुटलं. मी तिला आणखी मारणार होते, दोघी नर्सनी मला धरून पाडलं. मी पडल्या पडल्या ओरडत होते की ती घाण नाही, ते रगत आहे, बाईचं रगत आहे.

दोन दिवसांनी मी त्या दाईपाशी गेले. तिच्या कपाळाला पट्टी होती. मी हात जोडले. ती म्हणाली, "मला चार घरची धुणी पडतात, बाई, मग इथं येते. तोंडातून निघून गेलं." आम्ही दोघी जिन्यात बसून रडलो.

निकाल

चिठ्ठी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ह्यांना एकट्यांना खोलीत बोलावलं. मी दार ढकलून आत गेले.

"आजार मला आहे. मला सांगा."

त्यांनी क्षणभर ह्यांच्याकडे बघितलं आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर आहे."

"सरूबाईचा?"

"तोच. पण तिचा सगळीकडे गेला होता. तुझा अजून जागेवर आहे असं हाताला लागतंय. मुंबईला रेडियम देतात. ते घेतलंस तर वाचशील अशी मला आशा आहे. खात्री देत नाही. पाच वर्षं निघाली तर आम्ही सुटलीस असं धरतो."

"नाही घेतलं तर?"

"सरूबाई बघितलीस ना?"

आमचे हे जमिनीवर बसले. मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. बाराव्या वर्षी मला कोणी विचारलं होतं? आठ वेळा कोणी विचारलं होतं? आणि आता वेळ आली तेव्हा हा रोग एकटा माझ्याच अंगात. नानांच्या अंगात नाही, ह्यांच्या नाही. मी ह्यांच्या पाठीत एक गुद्दा मारला. ते हलले नाहीत. दुसरा मारला. ते म्हणाले, "मार. मार तू." मग माझा हात उचलेना.

रेडियम

चाळीसगावला गाडी बदलून आम्ही मुंबईला गेलो. तिथलं सगळं सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की रेडियम आत घातलं की दोन-तीन दिवस उताणं पडून राहायचं, कूस बदलायची नाही. कापडाचे बोळे घट्ट कोंबलेले. नर्स यायच्या, झटपट काम करायच्या आणि लांब व्हायच्या. त्यांनाही त्याची धग लागते म्हणून. जवळ कोणी बसत नाही. असं एकदा झालं, मग काही दिवसांनी पुन्हा.

आत निखारा ठेवलाय असं वाटायचं. उलट्या व्हायच्या, त्याही उताणं पडूनच. नंतर जुलाब, लघवीला आग, आणि मांड्यांच्या मध्ये चामडी सोलून निघालेली. बायांनो, हे होतं, आणि हे बहुतेक कमी होत जातं. मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी नर्सच्या मनगटाला चावले नसते.

दुसऱ्या वेळी रेडियम आत असताना आमचे हे दाराशी उभे राहून बोलत होते. त्यांना आत यायला बंदी होती. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की नानांनी सुमनचं लग्न ठरवलंय. शिरपूरकडचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, जमीन बरी.

"तू ऱ्हाशी का नही, काय सांगता येस? तुना डोयानी पाही लेशी, आसं नाना म्हनतस."

सुमनला चौदावं लागलं होतं. तेव्हाच्या कायद्यातही ते बसत नव्हतं, पण गावात कोण विचारतो.

मी उठू शकत नव्हते. कूस बदलू शकत नव्हते. हाताला फेकायला काही नव्हतं. मी पडल्या पडल्या ओरडले, "नही! नही म्हनी सांग त्येस्ले!" नर्स आली आणि ह्यांना घालवून दिलं. पुढचे दोन दिवस मी छताकडे बघत 'नही, नही' एवढी एकच गोष्ट म्हणत होते. ती देवाची प्रार्थना नव्हती.

हळद

आम्ही घरी पोचलो त्या दिवशी दारात मांडव घातलेला होता. पोरीला हळद लागली होती.

मी अशी आले होते की बसलं तर आग, उभं राहिलं तर चक्कर. सुमन धावत आली. हातभर हिरव्या बांगड्या, गालावर हळद. ती खूश होती. हे मी कोणाला सांगत नव्हते, आता सांगते. पोरगी खूश होती. तिला नवं लुगडं मिळालं होतं आणि मैत्रिणी तिच्याभोवती नाचत होत्या.

मी तिला आत नेलं. "हाई लगन व्हवाव नही."

तिचं तोंड उतरलं. "काबर?"

"तू ल्हान शे."

"तू तं मरी जाशी," ती म्हणाली. "अक्कानं सांगं. मंग मन्हं लगन कोन करी?"

मी मारलं. पहिली चापट गालावर. ती पडली, तर वर बसून मारलं. कोपऱ्यातलं काठीचं दांडकं हातात आलं, त्यानं मारलं. "मी मरत नही! आयकनं का! मी मरत नही!" तिच्या ओठातून रगत आलं, एक दात हलला. ह्यांनी मला उचलून बाजूला केलं, तेव्हा ती पोर भिंतीला चिकटून माझ्याकडे अशी बघत होती, जसं मी त्या भगताकडे बघितलं होतं.

तिथून मी सरळ मांडवात गेले. वऱ्हाड आलं होतं. पंगत बसायची होती. नवऱ्याचा बाप, पंच, गावातले सगळे पुरुष तिथं. नाना पानसुपारीचं ताट घेऊन उभे, हातावर माझे डाग.

मी म्हणाले, "बठ्ठा आयका. मले बाराव्या वरीसले दिधं. चौदाव्या वरीसले मी बायतीन व्हयनू. आठ बायतपनं व्हयनात. आते मले जठे लेकरं व्हतस तठे कॅन्सर शे. लाज वाटस का? मले नही वाटत. डॉक्टरीन म्हनस का ल्हानपने लगन व्हयनं का हाऊ रोग जास्त व्हस. मन्ही पोर मी देत नही."

मला वाटलं, कोणीतरी म्हणेल, बाई खरं बोलते. कोणी म्हटलं नाही. नवऱ्याचा बाप उठला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "चाला. मायना रोग पोरले लागी. आम्हले हाई सोयरिक नको."

लग्न मोडलं ते असं. पोरीचं वय कोणाच्या मनात आलं नाही. रोगाची भीती आली. मला ते कळत होतं, आणि मी त्या भीतीला अडवलं नाही. "रोग असा लागत नाही" एवढं मी म्हणू शकले असते. डॉक्टरीणबाईंनी मला ते सांगितलेलं होतं. मी तोंड बंद ठेवलं.

वऱ्हाड वेशीबाहेर गेलं आणि नानांनी मांडवाचा खांब उपटला. "आम्हनं तोंड कायं करं तू!" पहिला तडाखा माझ्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा बसला नाही. आमचे हे मध्ये आले, त्यांच्या डोक्याला खोक पडली. रगत डोळ्यात उतरत असताना त्यांनी नानांचा गळा धरला.

"आते हात लावशी तं तुना हात तोडी टाकसू!"

जन्मात पहिल्यांदा ह्यांनी नानांना अरेतुरे केलं. दोघे भाऊ मांडवातल्या तांदळावर लोळत एकमेकांना मारत होते. अक्का ओरडत होती. आणि सुमन ओसरीवर उभी राहून हाताच्या हिरव्या बांगड्या खांबावर आपटून फोडत होती.

पाच वर्षं

आम्ही वेगळे निघालो. धुळ्यात ह्यांना कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं. गाठोडी उचलायची सवय होतीच. आम्हा दोघांत नवरा-बायकोचं नातं त्यानंतर राहिलं नाही. रेडियमनं ते संपवलं. ह्यांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. अनेक घरांत याच कारणानं बाईला माहेरी पाठवतात, म्हणून सांगते.

सुमन शाळेत गेली. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान पोरींमध्ये बसायची. ती माझ्याशी दीड वर्ष बोलली नाही. भाकरी वाढायची, ताट माझ्यापुढे सरकवायची आणि उठून जायची. एकदा मला ताप आला, जुनी आग पुन्हा उठली, तर ती उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. मी म्हणाले, "मले माफ कर." ती म्हणाली, "मी पहिलं वरीसभर देवाले सांगे, का तू मर." तिनं पट्टी पिळली आणि पुन्हा ठेवली.

दर तीन महिन्यांनी तपासणी. प्रत्येक वेळी आदल्या दिवसापासून माझं अन्न उतरायचं नाही. जरा कंबर दुखली की सरूबाईचा चेहरा पुढे यायचा. याला उपाय मला सापडला नाही. तारीख चुकवली नाही, एवढंच मी केलं. पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हात धुतले आणि म्हणाल्या, "जा आता. वर्षातून एकदा तोंड दाखव." मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले, आणि तासभर उठता आलं नाही.

सुमनला मात्र स्थळ येत नव्हतं. आलं की कोणीतरी जाऊन सांगायचं, ती कॅन्सरवालीची पोर. चार ठिकाणांहून नकार आला.

मागच्या साली जळगावचे एक जण आले. मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्याची आई, जी आज सुमनची सासू आहे, सोबत होती. बैठकीत तिनं विचारलं, "मुलीच्या आईला काय झालं होतं म्हणतात?"

मी तोंड उघडलं. खोटं बोलायचं मी रात्रीच ठरवलं होतं. टायफॉइड म्हणणार होते.

सुमन कप ठेवत होती. ती सरळ उभी राहिली आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाली, "गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. साडेपाच वर्षं झाली. आता बरी आहे. हा आजार असा आईचा मुलीला लागत नाही. तुम्हाला भीती वाटत असेल तर चहा घेऊन उठा."

मुलगा खाली बघत होता. त्याच्या आईनं कप तोंडाला लावला. मी उठून चुलीपाशी गेले. पाचवा नकार, मी मनात म्हटलं.

थोड्या वेळानं पदर सावरत ती बाई आत आली. दाराकडे एकदा बघितलं. मग इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. दिवाळीपासून पुन्हा लाल दिसतंय. मुलाला कसं सांगू? यांनाही सांगितलं नाही. तुम्ही कुठं दाखवलं होतं?"

दिवाळी होऊन चार महिने झाले होते. मी तिचं मनगट धरलं, इतक्या जोरात की दोन बांगड्या फुटून तिच्या कातडीत शिरल्या. ती कळवळली. मी सोडलं नाही.

"चला."

"आत्ता? पाहुणे बसलेत…"

"आत्ता."

मी तिला ओढत बैठकीतून नेलं. सुमननं पायात चपला सरकवल्या आणि दुसऱ्या बाजूनं तिचा हात धरला. पुरुष कप धरून बघत राहिले. तिचा नवरा अर्धवट उठला आणि म्हणाला, "अहो, कुठे? काय झालं?"

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "आम्ही दवाखान्यात चाललो."